हळदीचा डाग साबणाने लाल का होतो? सुटीत मुलांसोबत करून बघा. चुना मात्र लांब ठेवा

जेवताना पांढऱ्या शर्टावर वरणाचा थेंब पडतो. आई त्यावर साबण चोळते आणि पिवळा डाग एकदम लाल होतो. पाण्याने साबण निघून गेला की परत पिवळा. हे घराघरात दिसतं, पण का होतं ते मुलांना फारसं कुणी सांगत नाही. सुटीत मुलं घरीच आहेत, तर चार रुपयांचाही खर्च न करता हा प्रयोग करता येतो.

चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा. वहीच्या कोऱ्या कागदावर बोटाने सारवा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा. आता एकेका पट्टीवर साबणाचं पाणी, लिंबाचा रस, ताक, चिंचेचं पाणी आणि चुलीतली राख कालवून वर आलेलं निवळ पाणी यांचा एकेक थेंब टाका. साबण आणि राखेने पट्टी तांबडी होते. लिंबू, ताक, चिंच यांनी ती पिवळीच राहते. खाण्याच्या सोड्याने रंग थोडासाच बदलतो, कारण तो फार सौम्य आहे. तांबड्या झालेल्या जागेवर लिंबू पिळलं की पिवळा रंग परत येतो, आणि मुलांना सगळ्यात जास्त मजा इथेच येते.

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचं नाव कर्क्युमिन. आम्लारी पदार्थाशी गाठ पडली की त्याच्या रेणूची रचना बदलते आणि रंग तांबडा दिसतो. आम्ल घातलं की रचना पूर्ववत होते. पारंपरिक कुंकू हळदीपासून करतात, तेही याच गुणामुळे.

हळदीची एक अडचण आहे. साधं पाणी आणि लिंबाचा रस, दोन्हींत ती पिवळीच. मग आम्ल कसं ओळखायचं? दारातलं लाल जास्वंदाचं फूल कामाला येतं. पाकळी कागदावर घासली की जांभळट रंग उतरतो. त्यावर लिंबाने गुलाबी-लाल आणि साबणाने हिरवट छटा येते.

चुन्याशी खेळ नको

चुन्याने हळद झटकन लाल होते, म्हणून मुलं आजोबांच्या चंचीतला चुना किंवा चुन्याची पुडी शोधतात. इथेच धोका आहे. पुडी दाबताना फुटून चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं, नजर कायमची जाऊ शकते. आणि नुकताच प्रयोग केलेलं पोर म्हणेल, लिंबू टाकलं की चुना मरतो! डोळ्यात लिंबू अजिबात टाकायचं नाही, तूप किंवा दूधही नाही. डोळा चोळू न देता लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा, पापणी उघडून चुन्याचे कण धुऊन काढा. निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तसंच दवाखाना गाठा. दवाखाना लांब असला तरी आधी धुणं, मग गाडी. धुण्याचा सोडा आणि फरशी धुण्याचं अ‍ॅसिडही प्रयोगात घेऊ नका.

राहिला शर्टाचा डाग. साबणाने धुऊन शर्ट कडक उन्हात वाळत घाला. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, त्यामुळे डाग पुसट होत जातो.