प्लग ओला की कोरडा?

साडेनऊला प्रेझेंटेशन आणि रात्रभर पावसात भिजलेली बाबांची जुनी बाईक ढिम्म! पंधरा किका मारल्या, शर्ट चिंब. शेवटी बाबांनाच फोन.

‘‘किका थांबव. किल स्विच बघ, पेट्रोल बघ.’’

दोन्ही ओके.

‘‘प्लग काढ. ओला की कोरडा?’’

ओला! म्हणजे पेट्रोल इंजिनात पोचतंय, घोळ स्पार्कचा. प्लगची कॅप उलटी केली, तर आत पाणी! प्लग, कॅप रुमालाने कोरडे केले, पाच मिनिटं थांबलो, किक... धडधड!

प्लग कोरडा निघाला असता, तर शोध पेट्रोलच्या कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत. तेव्हा दोस्तहो, सीटखाली प्लग-पाना हवाच. दहा मिनिटं उशिरा पोचलो, पण पोचलो. बाबांच्या गाडीला ‘खटारा’ म्हणणं मात्र बंद!