पितळ, पाऊस आणि नेम

बंदूक झाडली की गोळी जाते, आवाज जातो, धूर विरतो. मागे उरते ती पितळेची पुंगळी. पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी या काडतुसाच्या चार भागांपैकी पुन्हा वापरता येतो तो हा एवढाच. अमेरिकेतले आणि ब्रिटनमधले लांब पल्ल्याचे कित्येक नेमबाज ती वेचून घरी नेतात आणि तिच्यात स्वतःच्या हाताने नवे काडतूस भरतात. या उद्योगाला तिकडे हँडलोडिंग म्हणतात. पैसे वाचतात हे खरे, पण पट्टीचा नेमबाज त्यासाठी रात्री जागत नाही. त्याला पन्नासावे काडतूस पहिल्यासारखेच हवे असते. दोन गोळ्यांच्या वेगात जरासा फरक पडला, तरी हजार यार्डांवर एक वर लागते, एक खाली.

बार उडताना पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे तिला पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणणे. त्याच दाबात साच्यातली सुई जळका प्रायमर बाहेर ढकलते. इथे इतिहासाची एक गंमत आहे. मधोमध एकच छिद्र असलेली, सुईला सोपी अशी रचना बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची. ती रुजली अमेरिकेत. दोन छिद्रांची, भरणाऱ्याला त्रासदायक रचना बर्डन या अमेरिकनाची. ती युरोपात गेली. अमेरिकेत हा छंद घरोघरी फोफावला, त्यात या अदलाबदलीचा वाटा मला मोठा वाटतो.

दारू मोजतात ग्रेनमध्ये. हे माप आपल्याला परके नाही. इंग्रजी अमलात तोळा ठरला तो १८० ग्रेनांचा, आणि तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे गुंजेत पावणेदोनहून थोडे अधिक ग्रेन. भरणारा मोजतो ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत. सराफाचा काटासुद्धा इथे धसमुसळा ठरावा.

पण या साऱ्यात मला सर्वाधिक ओढ लागली ती पितळेची. सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त. ओढून-दाबून त्याला आकार दिला की ते कडक होते आणि आत ताण साठतो. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेला याचा विचित्र अनुभव आला. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, काडतुसे तबेल्यात ठेवली जात, आणि उघडीप झाल्यावर पाहावे तर पुंगळ्यांच्या मानेला चिरा! या रोगाला नावही ऋतूवरूनच पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण उलगडले: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळेत कोंडलेला ताण, या दोघांची ती युती होती. उपाय म्हणजे धातू तापवून ताण घालवणे. ठोकून कडक झालेले भांडे तांबट पुन्हा भट्टीत धरतो, त्यातलाच हा प्रकार. लष्करी पुंगळीच्या मानेवर दिसणारा निळसर डाग या तापवण्याचाच. हँडलोडरही काही वेळा वापरलेल्या पुंगळीची मान तापवतो. मात्र बूड कधीच नाही. सगळा दाब बुडावर येतो, ते मऊ पडले तर बंदूक हातातच फुटायची.

नवशिक्याला म्हणूनच पहिला धडा यंत्राचा देत नाहीत, शिस्तीचा देतात. दिसायला सारख्या दोन दारू अगदी वेगळ्या वेगाने जळू शकतात. मेजावर एका वेळी एकच डबा. दारू बनवणाऱ्याच्या छापील कोष्टकातले सर्वांत कमी माप घ्यायचे, आणि हळूहळू चढवायचे. प्रायमर चपटा दिसला, बोल्ट उघडताना अडला, की तिथेच थांबायचे. मित्राच्या रायफलला मानवलेले माप आपल्या रायफलला घातक ठरू शकते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकवायचे, कारण अर्ध्याच भरणाऱ्या पुंगळीत चुकून दुप्पट दारू मावते. या कामात गप्पा मारणारा सोबती नको.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा हे सारे इथे वाचण्यापुरतेच. स्पर्धेतही हा हक्क सर्वत्र मान्य नव्हता. इंग्लंडमध्ये बिस्लीच्या मैदानावर सर्व स्पर्धकांना एकाच प्रकारची काडतुसे वाटण्याची प्रथा दीर्घकाळ होती. कसोटी माणसाची, त्याच्या कारखान्याची नव्हे, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो.

आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या पन्नास मीटर रायफलच्या बारीक काडतुसात तर हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचे स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेले असते. घोड्याने कड चेपली की पुंगळी बाद. मग नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, कारखान्याच्या निरनिराळ्या लॉटमधली काडतुसे झाडून पाहतात, आणि ज्या लॉटची छिद्रे कागदावर सर्वांत जवळजवळ पडतात, त्याचीच खोकी विकत घेतात.