जामीनदाराची सही

खरीप तोंडावर आला की पारशिवनी तालुक्यातल्या विकास सोसायट्यांमध्ये सातबारा, आठ-अ आणि बेबाकीच्या दाखल्यांची थप्पी लागते. पतसंस्थेत शिक्षक, कोळसा खाणीतले कामगार, दुकानदार पगारपत्रक नाहीतर दुकानाचा परवाना घेऊन येतात. 'आपलीच संस्था, मग एवढे कागद कशाला?' ही कुरकुर दोन्हीकडे असते. संस्था आपली आहे म्हणूनच कागद लागतात. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नाही. कर्ज बुडालं, तर शेजाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा बुडतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४४ नुसार संस्था सभासदालाच कर्ज देऊ शकते. जामीनदारही सभासदच लागतो. म्हणून पहिला कागद सभासदत्वाचा आणि शेअरचा. मग कर्जमागणी अर्ज, ओळखीचे आणि उत्पन्नाचे पुरावे, संचालक मंडळाची मंजुरी, वचनचिठ्ठी, जामीनपत्र. नोकरदाराच्या बाबतीत पगारातून हप्ता कापायची संमतीही असते. तो मार्ग कलम ४९ ने दिला आहे. शेतकरी पीककर्जासाठी इकरार करून देतो. कलम ४८ प्रमाणे त्याची नोंद तलाठ्याकडे जाते आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त बोजा चढतो.

यातलं सर्वांत जड पान जामीनपत्राचं, आणि तेच सर्वांत कमी वाचलं जातं. 'नुसती सही कर गा, हप्ते मीच भरणार हाय,' असं मित्र म्हणतो आणि भिडेपोटी सही होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय उरत नाही.

कर्ज थकलं की संस्था दिवाणी दाव्यात न अडकता सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडे अर्ज करते. चौकशीनंतर वसुली दाखला मिळतो आणि जप्तीपर्यंत जाता येतं. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर आधी वसूलपात्र रकमेचा निम्मा भाग भरावा लागतो. ३ लाखांची थकबाकी असेल तर दीड लाख, तेही नुसतं म्हणणं ऐकून घेतलं जावं म्हणून. हे सही करायच्या दिवशी कोणी सांगत नाही. ते सांगणं संस्थेचं कर्तव्य आहे, असं माझं ठाम मत आहे. रकमेचे, व्याजाचे रकाने कोरे असलेल्या अर्जावर सही मागणं तर सरळ अन्याय आहे. नाही म्हणा.

कागद सभासदाच्या बाजूनेही बोलतात. त्याच अधिनियमाच्या कलम ३२ नुसार स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात फुकट पाहता येतात. लेखी मागणी करून शुल्क भरलं की एका महिन्यात नक्कल द्यावी लागते. जामीनदाराने पैसे भरले, तर ते कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला आहे, पण पावती हाती हवी. कर्ज फिटलं की निरंक दाखला घ्या आणि बोजा कमी करायचा अर्ज तलाठ्याकडे द्या. फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही.