डेंग्यू : जुनी प्रतिकारशक्तीच केव्हा धोक्याची ठरते?

विषाणूजन्य आजार एकदा होऊन गेला की शरीर त्या विषाणूला ओळखू लागते आणि पुढच्या वेळी त्रास कमी होतो, असा सर्वसाधारण समज आहे. गोवराच्या बाबतीत तो खराही आहे. फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली, तेव्हा सुमारे ७,८०० लोकसंख्येपैकी जवळपास ६,००० जण आजारी पडले. मात्र १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले वृद्ध तब्बल ६५ वर्षांनंतरही सुरक्षित राहिले, अशी नोंद डॅनिश वैद्य पीटर पॅनम यांनी करून ठेवली आहे. डेंग्यू मात्र या नियमात बसत नाही. डेंग्यूची दुसरी लागण पहिलीपेक्षा अधिक गंभीर होण्याची शक्यता असते आणि त्यामागे शरीरात आधीपासून असलेली प्रतिकारशक्ती हे एक महत्त्वाचे कारण आहे.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, संरक्षण मिळते. उर्वरित तीन प्रकारांविरुद्धचे संरक्षण मात्र काही काळच टिकते. ते ओसरल्यानंतर रक्तात काही प्रतिपिंडे शिल्लक राहतात. ती नव्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात. पण त्याला निष्प्रभ करण्याइतकी समर्थ नसतात. शरीरातील भक्षक पेशी प्रतिपिंड चिकटलेला कण शत्रू समजून आत ओढून घेतात. डेंग्यूचा विषाणू याच पेशींमध्ये वाढत असल्याने त्याला जणू आयते दार उघडे मिळते. अधिक पेशी बाधित होतात, दाह वाढतो आणि रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू लागते. रक्तदाब घसरून रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण होतो तो यामुळे.

हा विचार प्रामुख्याने मांडला तो अमेरिकी शास्त्रज्ञ स्कॉट हॉलस्टेड यांनी. थायलंडमध्ये काम करताना त्यांना गंभीर डेंग्यू दोन गटांत आढळला : दुसऱ्यांदा लागण झालेली मुले आणि पहिल्याच लागणीत अत्यवस्थ झालेली एक वर्षाखालील बाळे. या बाळांना पूर्वी डेंग्यू झालेला नव्हता, पण आईकडून आलेली प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात होती. ती विरळ होत गेली की एका टप्प्यावर संरक्षण संपते आणि धोका सुरू होतो.

क्युबातील घटनाक्रमाने या विचाराला बळ दिले. तेथे १९७७ मध्ये डेंग्यूच्या पहिल्या प्रकाराची मोठी, परंतु सौम्य साथ आली. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची साथ आली, तेव्हा ३ लाख ४४ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि १५८ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर डासनियंत्रणामुळे देश अनेक वर्षे डेंग्यूमुक्त राहिला. १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबा येथे पुन्हा दुसरा प्रकार आला, तेव्हा गंभीर रुग्ण जवळजवळ सर्व प्रौढ होते. वीस वर्षांपूर्वीच्या लागणीची खूण त्यांच्या रक्तात होती. नंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तात ती नव्हती.

धोका प्रतिपिंडांच्या केवळ असण्यात नसून त्यांच्या प्रमाणात आहे, हे निकाराग्वातील मुलांच्या दीर्घ अभ्यासातून २०१७ मध्ये स्पष्ट झाले. प्रतिपिंडांची पातळी उच्च असलेली मुले सुरक्षित होती. पातळी एका विशिष्ट मधल्या पट्ट्यात असलेल्या मुलांना मात्र, प्रतिपिंडे मुळीच नसलेल्या मुलांच्या तुलनेत, सर्वांत गंभीर स्वरूपाच्या डेंग्यूचा धोका सात पटींहून अधिक होता.

लसीकरणासाठी हे ज्ञान निर्णायक ठरले. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून ८ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस देण्यात आली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना या लसीनंतर लागण झाल्यास आजार अधिक गंभीर होऊ शकतो, असे नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले आणि मोहीम थांबवावी लागली. अशा मुलांच्या शरीरात लसीने पहिल्या लागणीचीच भूमिका बजावली होती. म्हणूनच चारही प्रकारांविरुद्ध समतोल आणि पुरेसे संरक्षण ही डेंग्यूच्या लसीची खरी कसोटी मानली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि पॅनेसिया बायोटेक यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथून स्वदेशी लसीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीस प्रारंभ केला. तीही चारही प्रकारांसाठी आहे.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. परिषदेच्या २०१७-१८ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात ५ ते ४५ वर्षे वयोगटातील ४८.७ टक्के व्यक्तींमध्ये पूर्वीच्या डेंग्यूची प्रतिपिंडे आढळली. हे प्रमाण दक्षिण भारतात सुमारे ७७ टक्के, तर ईशान्येत सुमारे ५ टक्के होते. पहिली लागण अनेकदा साध्या तापासारखी येऊन जाते. त्यामुळे ‘मला डेंग्यू कधी झालाच नाही’ असे मानणाऱ्या अनेकांची पुढची लागण प्रत्यक्षात दुसरी असू शकते.

अर्थात, दुसऱ्या लागणीचे बहुसंख्य रुग्णही बरे होतात. वय, इतर व्याधी आणि विषाणूचा प्रकार यांचाही परिणाम असतोच. परंतु गंभीर डेंग्यू म्हणजे ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ असे समीकरण मांडता येत नाही. प्रतिकारशक्ती वाढविण्याचा दावा करणारे काढे किंवा गोळ्या घेऊन हा धोका टळत नाही. डासांची उत्पत्तिस्थाने नष्ट करणे आणि धोक्याची लक्षणे वेळीच ओळखणे, हेच हाती असलेले उपाय आहेत. ताप उतरू लागल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे, अस्वस्थता किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन या गोळ्या टाळाव्यात. ताप उतरला म्हणून निर्धास्त होणे, हीच डेंग्यूतील सर्वांत महागात पडणारी चूक ठरू शकते.