चार चित्रपट, एक कडा

माघ वद्य नवमीला पोलादपूर तालुक्यातील उमरठ या गावी, मढे घाटाच्या वाटेने आणलेला तानाजी मालुसऱ्यांचा देह जेथे विसावला असे परंपरा सांगते त्या समाधीपाशी, जो समाज जमतो, त्याच्या बोलण्यात अलीकडे बखरीपोवाड्यांपेक्षा चित्रपटाचाच उल्लेख अधिक येतो. आणि चित्रपटाविषयी बोलणे निघाले की त्याने गल्ला किती जमवला, याच्या पलीकडे ते सहसा जात नाही. हे बोलणे लोकांना कोणी शिकवले, याचा विचार करू लागलो म्हणजे माझा रोष समाधीवर फुले वाहणाऱ्या भाविकांकडे न जाता परीक्षकांकडे वळतो.

याच तानाजीवरच्या, हरिभाऊ आपट्यांच्या 1903 सालच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 1923 मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात चित्रित करण्याचे धाडस केले, आणि त्याला लोटलेली गर्दी पाहूनच मुंबई सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे सांगतात. त्यात शेलारमामाची भूमिका करणारे तरुण शांताराम पुढे 1933 मध्ये ‘प्रभात’ या चित्रसंस्थेतर्फे तीच कथा बोलपटात घेऊन आले. पहिल्या कृतीच्या अंगणात वावरलेल्या माणसाने तिची पुनर्निर्मिती करावी, ही गोष्ट आपल्या चित्रसृष्टीत विरळाच. त्याच वर्षी ‘प्रभात’ पुण्यास गेली. तिच्या त्या वास्तूत 1960 मध्ये सरकारी चित्रपटसंस्था उभी राहिली, आणि तेथे सतीश बहादूर यांनी चित्रपट पाहणे ही एक शिस्त आहे, दृश्याचा अर्थ त्याच्या रचनेत शोधावा लागतो, हे कित्येकांना शिकवले. त्या शिकवणुकीचा ठसा पुढे वर्षानुवर्षे मराठी परीक्षणांतून उमटत राहिला. भालजी पेंढारकरांच्या शिवकालीन चित्रपटांचा अपवाद केला, तर मधल्या दशकांविषयी येथे फार लिहावे असे मला वाटत नाही.

मन रेंगाळते आणि जळते ते 2014 ते 2023 या दशकावर. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ असे चित्रपट ओळीने आले, आणि निष्ठा हाच गुणवत्तेचा दाखला मानण्याची वहिवाट पडली. 10 जानेवारी 2020 रोजी, म्हणजे सिंहगडच्या रणसंग्रामाला साडेतीनशे वर्षे पूर्ण होण्याच्या अवघ्या काही दिवस आधी, ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ त्रिमिती रूपात प्रदर्शित झाला. एकेकाळी ज्या कथेच्या गर्दीने सरकारला कर सुचवला, तिलाच महाराष्ट्र सरकारने करमुक्त केले. झलकीतील भगव्या झेंड्यावरच्या ओंकाराला हरकत निघाली. त्यात भूमिका करणाऱ्या सैफ अली खान यांनी प्रदर्शनानंतर हा इतिहास नव्हे असे मुलाखतीत म्हटले, त्याचा गदारोळ झाला. परीक्षक दोन छावण्यांत विभागले, आणि ज्याने त्याने आपापल्या छावणीची कैफियत परीक्षण म्हणून छापली. पुढे त्यात तानाजी साकारणाऱ्या अजय देवगण यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला, तेव्हा तर चर्चेचे दफ्तरच बंद झाले.

कड्यावरची ती चढाई पडद्यावर कशी उतरली, हा मुख्य प्रश्न मात्र कोणी घेतला नाही. सभासद बखरीत मावळे वानरांप्रमाणे कडा चढले एवढेच येते, कडा चढणारी घोरपड आली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. परंतु दोन्हींत तो कडा दगडाचा आहे, आणि चढणाऱ्याचा हात सुटला तर तो मरणार आहे. सावित्रीच्या खोऱ्यात, जेथे दारातूनच सह्याद्री उभा चढतो, तेथे वाढलेल्या कोणालाही हे भय सांगावे लागत नाही. संगणकाने उभारलेल्या गडावर, ‘नागीण’ नावाच्या अजस्र तोफेच्या छायेत, विज्ञानकथेतील अमानवी योद्ध्यांप्रमाणे झेपावणारी माणसे पाहताना ते भय मला कोठेही लागले नाही, आणि भय गेले म्हणजे पराक्रमही हलका होतो. हे मी तेव्हा सविस्तर लिहून एका नियतकालिकाकडे पाठवले, ते वाचकांच्या भावना दुखावतील या सबबीवर परत आले. त्या परतीचा विषाद अद्याप गेलेला नाही, कारण तानाजीविषयीच्या आदरातूनच ते लिहिले होते.

आणि मग 16 जून 2023 रोजी त्याच दिग्दर्शकाचा ‘आदिपुरुष’ आला, तेव्हा संगणकी चित्रांचा कृत्रिमपणा, वजन हरवलेली युद्धे, निर्जीव पार्श्वभूमी, हे सारे दोष सर्वांना एका रात्रीत दिसू लागले! साडेतीन वर्षांपूर्वी जी तंत्रदृष्टी भव्य म्हणून गौरवली गेली, तिचीच आता निर्भर्त्सना झाली. त्यातल्या रामायणकथेच्या संवादांनी समाज दुखावला होता, म्हणून दोष बोलणे सुरक्षित झाले होते. कलाकृतीचा निवाडा समाजाच्या रागलोभाची रुजुवात करून दिला जात होता, हे एवढे उघडपणे त्यापूर्वी मी पाहिले नव्हते.

पाठोपाठ ऑगस्टमध्ये दिग्पाल लांजेकर यांचा ‘सुभेदार’ आला, पेंटरांच्या मूकपटाला शंभर वर्षे झाली त्याच साली. तुलनेला याहून समृद्ध प्रसंग कोणता असणार? अजय पूरकरांचा तानाजी आणि देवगणांचा तानाजी, कृत्रिम दिव्यांनी उजळलेली रात्र आणि यंत्राने रंगवलेली रात्र, यांवर पानेच्या पाने लिहिता आली असती. माझ्या वाचनात आलेल्या परीक्षणांत कथासार होते, निष्ठेची प्रशंसा होती, शेवटी ताऱ्यांची संख्या होती. पेंटरांचे नाव नव्हते, शांतारामांचे नव्हते, आणि कड्यावरच्या त्या चढाईला एक परिच्छेदही मिळाला नव्हता.