उचल आणि विश्वास

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. अशा टोळीचा व्यवस्थापक म्हणजे मुकादम. हंगामाआधीच तो मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो; नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो.

उचल माणसाला उसाच्या फडापर्यंत आणते, पण कामात जीव ओतायला लावत नाही. अमेरिकी अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये त्यासाठी तीन गोष्टी मांडल्या: कामाला अर्थ असल्याची जाणीव, मनातले बोलल्याने नुकसान होणार नाही ही खात्री आणि अंगात शिल्लक ताकद. ऊसतोडीत सर्वांत जास्त तुटते ती तिसरी. बाई पहाटे स्वयंपाक करते, मग ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडीपर्यंत वाहते. आजारपणात दिवस बुडाला तर खाडा म्हणून पैसे कापले जातात, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. हा ताण इतका टोकाला गेला की बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

खाडा न कापता आजाऱ्याला विश्रांती देणे ही चांगल्या मुकादमाची पहिली खूण. दुसरी खूण हिशेबाची: प्रत्येक खेपेच्या वजनाची पावती तो टोळीसमोर वाचतो आणि फिटलेली उचल वहीत सर्वांदेखत मांडतो. मजुरांच्या कोपीजवळ (झोपडीजवळ) पाणी, आडोसा आणि लेकरांची सोय यांसाठी कारखान्याच्या शेतकी विभागाशी भांडतो. अशा मुकादमाला पुढच्या दसऱ्याला कोयते शोधत फिरावे लागत नाही.