जीपीएसला बाहेरून अँटेना लावला की लोकेशन खरंच सुधारतं का?

‘उड्डाणपुलावर चढा’ असं फोन सांगेपर्यंत गाडी पुलाखालच्या रस्त्याला लागलेली असते. कधी स्क्रीनवरची निळी खूण रस्ता सोडून शेजारच्या सोसायटीतून चालू लागते. कधी गाडी घाटातून पुढे निघून गेलेली असते आणि खूण मात्र मागच्याच वळणावर अडकून बसलेली असते. मग सगळे एकच वाक्य म्हणतात, ‘जीपीएस गंडलंय!’

यावर बाजारात एक छोटासा तोडगा मिळतो. काडेपेटीएवढी काळी डबी, तिच्या तळाशी लोहचुंबक आणि मागे दोन-तीन मीटर वायर. हा झाला एक्सटर्नल म्हणजेच बाहेरून लावायचा जीपीएस अँटेना. तो लावल्यावर काही जण म्हणतात, ‘कमाल फरक पडला.’ काही जण म्हणतात, ‘पैसे वाया गेले.’ गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी जीपीएसचा सिग्नल किती नाजूक असतो ते पाहायला हवं.

बल्बएवढी ताकद, २० हजार किलोमीटरचं अंतर

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. तिथून ते जो सिग्नल पाठवतात त्याची ताकद घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या आसपासची, म्हणजे काही दहा वॅट असते. ती अर्ध्या पृथ्वीवर पसरत पसरत खाली येते.

आपल्या हातातल्या फोनपर्यंत पोहोचतं ते किती? वॅटमध्ये लिहायचं तर दशांश चिन्हानंतर १५ शून्यं आणि मग १! हवेत आणि यंत्रातच जी नैसर्गिक खरखर असते, तिच्याहूनही हा सिग्नल दबका असतो.

मग तो ऐकू येतो कसा? जत्रेतल्या गोंगाटात कुणी आपलं नाव घेतलं तर कान टवकारतात ना, तसंच. प्रत्येक उपग्रहाची एक ठरलेली खूणगाठ असते. ती १०२३ तुकड्यांची असते आणि दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा येते. रिसीव्हरला ती आधीच माहीत असते. त्यामुळे खरखरीतून तो नेमकी तीच हुडकून काढतो.

सिग्नल निघाला कधी आणि पोहोचला कधी, यावरून उपग्रहाचं अंतर कळतं. असे किमान ४ उपग्रह मिळाले की आपली जागा ठरते. यात वेळेचा हिशोब फार काटेकोर लागतो. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते.

वाटेत अडवतं कोण?

इतका दबका सिग्नल अडवायला फार काही लागत नाही. धातूचा पत्रा त्याला पूर्ण रोखतो. सिमेंटचा स्लॅब जवळजवळ संपवतो. पावसात भिजलेली दाट झाडी आणि माणसाचं शरीरही तो शोषून घेतं, कारण दोन्हींत पाणी भरपूर असतं. म्हणूनच फोन खिशात असताना आणि हातात असताना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये फरक पडतो.

गाडीत तर पत्राच पत्रा. सिग्नल आत येतो तो मुख्यतः काचेतून. त्यातही काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा अतिशय पातळ थर असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण जीपीएसला तो जाळीसारखा अडवतो. अशा काचेवर फास्टॅगही नीट वाचला जात नाही. म्हणून काही कंपन्या आरशामागे थोडी जागा थराशिवाय सोडतात. धातूची झाक असलेल्या सनफिल्मचंही तेच.

आणखी एक लपलेला उपद्रवी म्हणजे स्वस्तातला कार चार्जर किंवा डॅशकॅम. त्यांच्या आतली इलेक्ट्रॉनिक्स नीट झाकलेली नसेल, तर ती रेडिओ लहरींची खरखर बाहेर फेकते. जीपीएस गंडत असेल तर आधी हे दोन्ही काढून बघावेत. कधी कधी इथेच रोग बरा होतो आणि एक रुपयाही खर्च होत नाही.

ती काळी डबी नेमकं करते काय?

दूरदर्शनच्या काळात टीव्हीवर मुंग्या आल्या की घरातलं कुणीतरी गच्चीवर चढायचं. वरून ओरडायचं, ‘आलं का?’ खालून उत्तर जायचं, ‘अजून थोडं फिरव!’ तेव्हा टीव्ही बदलत नव्हता, कार्यक्रमही तोच होता. बदलायची ती फक्त अँटेनाची जागा आणि दिशा.

जीपीएसच्या अँटेनाचंही पहिलं काम हेच आहे. रिसीव्हर गाडीच्या आत, पत्र्याखाली असला तरी अँटेना टपावर नेता येतो. तिथून त्याला चारही बाजूंचं मोकळं आकाश दिसतं. आतून दोन-चार उपग्रह कसेबसे दिसत असतील, तर वरून अनेक दिसतात. शिवाय ते सगळे एकाच कोपऱ्यातले नसतात. चारी दिशांना पसरलेले उपग्रह मिळाले की जागेचा अंदाज जास्त नेमका येतो.

दुसरं काम डबीच्या आत घडतं. आत चौकोनी सिरॅमिकची वडी असते, साधारण अडीच सेंटिमीटर लांबी-रुंदीची. तीच खरा अँटेना. तिच्या पाठीला चिकटून एक छोटा अँप्लिफायर बसवलेला असतो. आलेला सिग्नल तो काही शेकडो पटींनी वाढवतो.

हा अँप्लिफायर अँटेनापाशीच असणं महत्त्वाचं, कारण वायर फुकट काम करत नाही. अशा अँटेनाला येणारी बारीक वायर घेतली, तर तीन मीटरमध्येच निम्म्याहून अधिक सिग्नल जिरतो. आधी वाढवून मग वायरीत सोडला तर हे नुकसान जाणवत नाही. आधी वायरीत जिरला आणि मग वाढवला, तर सिग्नलबरोबर खरखरही तितकीच वाढते. खरखरीत बुडालेला आवाज लाऊडस्पीकरवर लावून काय उपयोग?

अँप्लिफायर असलेल्या अँटेनाला ‘अॅक्टिव्ह’ आणि नसलेल्याला ‘पॅसिव्ह’ म्हणतात. अॅक्टिव्ह अँटेनाला वीज लागते. ती त्याच वायरीतून, साधारण ३ ते ५ व्होल्टने, रिसीव्हर पुरवतो. रिसीव्हर वीज देत नसेल तर अॅक्टिव्ह अँटेना नुसतीच डबी. पैसे वाया गेल्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

लावायचा कुठे?

सर्वात उत्तम जागा म्हणजे टपाचा मध्यभाग. इथे एक उलटीच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अँटेनाच्या वरचा पत्रा शत्रू असतो, पण खालचा पत्रा मित्र. तो अँटेनाला आधार देतो आणि खालून परतून येणारे फसवे सिग्नल अडवतो. तळाला लोहचुंबक असतं ते फक्त चिकटवण्यासाठी नाही, डबी पत्र्यावर बसावी हाही त्यामागचा हेतू असतो.

टपावर नको असेल तर डॅशबोर्डवर, काचेच्या अगदी जवळ चालतं. मात्र डबीची वरची बाजू आकाशाकडेच हवी. सीटखाली, डिकीत किंवा डॅशबोर्डच्या आतल्या लोखंडी पट्टीमागे ठेवलेला महागडा अँटेनाही खिशातल्या फोनपुढे हरतो. उरलेली वायर चार्जरच्या वायरींबरोबर गुंडाळू नये आणि दारात चिरडेल अशीही आत घेऊ नये.

इथे अँटेनाही हात टेकतो

आता सुरुवातीच्या उड्डाणपुलाकडे परत येऊ. मोकळ्या आकाशाखाली चांगला स्मार्टफोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. पूल आणि त्याच्या शेजारचा रस्ता यांत अंतरच कधी कधी तेवढं असतं. त्यात जीपीएसची उंची आडव्या अंतरापेक्षा कमी नेमकी असते. त्यामुळे गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे ठरवताना अॅपला अंदाज बांधावा लागतो. बाहेरचा अँटेना लावूनही ही चूक पूर्ण जात नाही.

उंच इमारतींमध्ये अडचण वेगळी असते. मुंबईत लोअर परळसारख्या भागात काचेच्या टॉवरांवर आदळून सिग्नल परततो आणि उशिरा पोहोचतो. उशीर म्हणजे जास्त अंतर, असा रिसीव्हरचा हिशोब असतो. म्हणून खूण दोन इमारती पलीकडे उडी मारते. एकदा परतलेल्या लहरीची फिरण्याची दिशा उलटी होते, त्यामुळे चांगला अँटेना असे काही सिग्नल गाळतो. पण खरा सिग्नल इमारतीआड गेला असेल आणि फक्त परतलेलाच येत असेल, तर अँटेना काही करू शकत नाही.

बोगद्यात तर प्रश्नच नाही. द्रुतगती मार्गावरचा भाताण बोगदा असो की मुंबईचा कोस्टल रोड, आत आकाशच नाही. तिथे फोन वेग आणि दिशेवरून अंदाजाने खूण पुढे ढकलतो.

आणि सर्वात मोठी मर्यादा म्हणजे आपला फोन. अँटेनाची वायर जोडायची जागा फोनला नसतेच. फोनसाठी अँटेना नव्हे, तर ब्लूटूथवर चालणारा स्वतंत्र जीपीएस रिसीव्हर घ्यावा लागतो. बहुतेकांना त्याचीही गरज पडत नाही. फोन कपहोल्डरमधून काढून काचेजवळच्या स्टँडवर लावला आणि धातूचं कव्हर काढलं, तरी काम भागतं.

मग गरज खरी कुणाला?

जिथे रिसीव्हर लपवलेला असतो आणि चुकीची किंमत मोठी असते, तिथे.

१ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या टॅक्सी-बससारख्या प्रवासी वाहनांत ट्रॅकर आणि आणीबाणीचं बटण असावं, असा केंद्राचा नियम आहे. अडचणीत सापडलेल्या प्रवाशाने बटण दाबलं तर मदत पोहोचणार ती ट्रॅकरने सांगितलेल्या जागी. चोराला सापडू नये म्हणून ट्रॅकर पत्र्याआड खोल बसवला आणि त्याला आकाशच दिसत नसेल, तर तो जुनीच जागा सांगत राहील. बटण चालेल, संदेशही जाईल, पण मदत भलतीकडे पोहोचेल. अशा वेळी ट्रॅकर लपवून अँटेना तेवढा वर आणणं हा सोपा उपाय ठरतो.

समुद्रावर तर याची किंमत आणखी वाढते. गुजरातपलीकडच्या अरबी समुद्रात भारत-पाकिस्तानच्या हद्दीची रेघ पाण्यावर कुणी आखलेली नाही. हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानात अडकून पडलेल्या मच्छीमारांत गुजरातच्या बोटींवर काम करणारे पालघर जिल्ह्यातले खलाशीही असतात. मासळीच्या मागे जाताना हद्द ओलांडली जाण्याची कारणं अनेक आहेत, ती सगळी अँटेनाने सुटणार नाहीत. पण रात्रीच्या वेळी तांडेलाच्या समोरचा पडदा ‘सिग्नल नाही’ असं दाखवत असेल, तर हद्द किती दूर आहे हे कळायचा भरवशाचा मार्गच बंद होतो. बोटींच्या केबिनवर, सगळ्यात उंच जागी पांढऱ्या अळंबीसारखा अँटेना दिसतो तो याचसाठी.

घेण्याआधी चार गोष्टी बघा

१. आपल्या यंत्राला बाहेरचा अँटेना जोडायची जागा आहे का? असेल तर तिथे कोणता कनेक्टर बसतो? एसएमए, एमसीएक्स, फाक्रा असे प्रकार असतात आणि ते एकमेकांत बसत नाहीत.

२. यंत्र अँटेनाला वीज देतं का? देत असेल तर किती व्होल्टची?

३. वायर किती लांब लागणार? मोजून, लागेल तेवढीच घ्या.

४. कोणते उपग्रह हवेत? साधे अँटेना जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्या ‘नाविक’चे सुरुवातीचे उपग्रह त्यावर नाही, तर ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आणि एस-बँडवर सिग्नल देतात. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून पहिली फ्रिक्वेन्सीही आली. ‘नाविक’ नीट हवं असेल तर दोन्ही फ्रिक्वेन्सींवर चालणारा अँटेना विचारून घ्या.

आणि पैसे खर्च करण्याआधी एक छोटी परीक्षा करता येते. उपग्रहांचे सिग्नल दाखवणारी मोफत अॅप फोनसाठी मिळतात. त्यांत प्रत्येक उपग्रहासमोर एक आकडा दिसतो. तो ४० च्या वर असेल तर सिग्नल उत्तम, ३० च्या खाली असेल तर अशक्त. आधी मोकळ्या मैदानात आकडे बघा, मग नेहमीच्या जागी गाडीत बसून बघा.

मैदानात आकडे चांगले आणि गाडीत पडलेले असतील, तर पत्रा किंवा काच आड येते आहे. तिथे अँटेनाची जागा बदलल्याने फरक पडेल. दोन्हीकडे आकडे चांगले असूनही खूण भरकटत असेल, तर कारण आजूबाजूच्या इमारती, पूल किंवा नकाशात आहे. त्यावर काळ्या डबीचा इलाज नाही.

थोडक्यात काय, अँटेना सिग्नल तयार करत नाही, तो फक्त आकाश बघतो. त्याला आकाश दिसेल अशी जागा दिली, तर शंभर-दोनशे रुपयांची वस्तूही मोठं काम करते. नाही दिली, तर कितीही महाग घेतला तरी वरून कुणीतरी विचारतच राहणार, ‘आलं का?’ आणि खालून उत्तर येणार, ‘अजून नाही!’